दक्षिणेतल्या बँकेचं गृहकर्ज, दहा महिन्यांनंतर: व्याज छान, पण माझं शेअर सर्टिफिकेट कुठाय?

डिसेंबर 2024 मध्ये भांडुपला रिसेलचा फ्लॅट घेतला. कर्ज 40 लाख, 20 वर्षं. आमच्या नाक्यावरची सहकारी बँक सव्वानऊ टक्के म्हणत होती. वर दोन जामीनदार, आणि कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे त्यांचे शेअर्स घ्यायचे, म्हणजे एक लाख अडकले. दक्षिणेतली बँक पावणेनऊ. हप्त्यात महिना जवळपास तेराशेचा फरक. मी कोकणस्थ नाही, पण एवढा हिशोब मलाही कळतो.

आता दुखणं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे फ्लॅटमालक हा सोसायटीचा सभासद असल्याचा कागद. त्याच्या मागच्या बाजूला माझ्या नावाची नोंद आणि कमिटीच्या सह्या मिळवायला तीन रविवार गेले. मार्चमध्ये मूळ प्रत बँकेच्या अंधेरीच्या ऑफिसात दिली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ईमेल येईल." मी पोच मागितली नाही. हा गाढवपणा माझाच.

ईमेल आला नाही. ऑगस्टमध्ये ॲपवरून कागदपत्रांची यादी काढली. करारनामा आहे, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आहे, आधीच्या मालकांचे करार आहेत, शेअर सर्टिफिकेट नाही. कस्टमर केअरचं उत्तर: "सर, आम्ही शेअर्स तारण घेत नाही, तुमच्या डीमॅटवाल्यांना विचारा." म्हणजे त्यांना ते शेअर बाजारातले शेअर्स वाटले. पाच फोन, पाच वेगळी माणसं, दर वेळी सोसायटी म्हणजे काय इथपासून सुरुवात. हरवलं असेल तर डुप्लिकेटचा खर्च रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेवरच, पण पुन्हा सेक्रेटरीच्या दारात कोण उभं राहणार?

माझ्या साडूचं कर्ज त्याच नाक्यावरच्या बँकेत. तिथल्या मॅडमनी त्याचं सर्टिफिकेट हातात घेतल्या घेतल्या उलटं केलं आणि म्हणाल्या, "चेअरमनची सही राहिलीय." सही घेऊन गेला, तर तिथल्या तिथे शिक्का मारून पोच हातात. हे ऐकलं त्या रात्री मी एक स्टार देऊन हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता आणि कर्ज नाक्यावरच्या बँकेत हलवायचं ठरवलं होतं.

हलवायचं म्हणून आकडे काढले आणि थंड झालो. माझं कर्ज रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, जोडलेलं. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, माझा दर न मागता पावणेआठ झाला. हप्ता तोच ठेवला, त्यामुळे सप्टेंबरअखेर 231 हप्ते उरायचे तिथे 198 उरले. साडूचा दर त्याची बँक स्वतः ठरवते. नव्या फ्लोटिंग गृहकर्जांना बाहेरच्या दराशी जोडण्याची ऑक्टोबर 2019 पासूनची सक्ती व्यापारी बँकांना आहे, सहकारी बँकांना नाही. त्याला पाव टक्क्याचीच सूट मिळाली, तीही अर्ज केल्यावर.

शेवटी बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला ईमेल टाकला: 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो. सव्विसाव्या दिवशी सर्टिफिकेट सापडलं. यादीत ते पहिल्यापासून होतं, "इतर, 1 पान" या नावाने! मला ते दिसूनही कळलं नव्हतं, आणि त्यांना ते काय आहे हेच माहीत नव्हतं.

तर तीन स्टार. तिन्ही व्याजाचे.

परवा साडूने विचारलं, त्याचं कर्ज माझ्या बँकेत हलवता येईल का. गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि प्रोसेसिंग पुन्हा भरावं लागेल, तेवढं धरून रविवारी हिशोबाला बसतोय. फाइल द्यायला मात्र मी सोबत जाणार, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही.