मागचे ब्रेक: सोसायटीच्या पार्किंगमध्ये की गॅरेजात?

जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेणाऱ्याला पुण्यात सल्ल्यांचा तोटा नाही, पण सगळे टर्बोबद्दल. मागच्या ब्रेकबद्दल मला कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि माझा पहिला खर्च तिथेच निघाला. (२००४ सालची ही १.८ टर्बो, १५० अश्वशक्तीची. हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का यावर वाद घालायचा असेल, तर आधी ताम्हिणीतून एक फेरी मारून या.)

घरी की गॅरेजात हे ठरवायच्या आधी अर्ध्या तासाची एक तपासणी करा. गाडी सपाट जागी लावा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यासाठी रॅम्पजवळची जागा सोडून शेजाऱ्यांची मागावी लागली. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेलाच लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावा आणि पहिला गिअर टाका. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने गिअर धरून ठेवतो. मग मागची बाजू जॅकने उचला, गाडी स्टँडवर टेकवा आणि चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मागे एक छोटा दांडा दिसेल, त्यात हँडब्रेकची केबल अडकवलेली असते. कोणाला तरी आत बसवून हँडब्रेक ओढायला आणि सोडायला सांगा. सोडल्यावर दांडा मागे जाऊन ठेप्याला टेकला, तर काम पॅड-डिस्कपुरतं आहे. मध्येच थांबला, तर केबल सोडवून दांडा हाताने फिरवून पाहा. आता तो टणकन परत आला तर दोष केबलचा. तरीही अडकला तर कॅलिपरच आतून धरलाय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं: पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापतं, आणि मालकाला वाटतं ॲव्हरेज पेट्रोलमुळे पडलंय.

नुसते पॅड असतील तर माझं मत सरळ आहे, घरी करा. मला पहिल्या बाजूला चार तास लागले, दुसरी दीड तासात झाली. पंधराच्या फिक्स पान्याने गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) धरायची आणि तेराच्या रिंग पान्याने बोल्ट सोडवायचा. पिन धरली नाही तर ती बोल्टबरोबर फिरते आणि तिचं रबरी बूट पिळवटून फाटतं. माझ्याकडचा पंधराचा पाना जाड होता, त्या फटीत शिरेचना. शेवटी रविवारी जुन्या बाजारात एक पातळ पाना मिळाला, तो ग्राइंडरवर आणखी घासून घेतला.

त्यानंतर पिस्टन, आणि घर-गॅरेजचा खरा फरक इथे पडतो. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन सी क्लॅम्पने सरळ आत दाबता येतो. मागच्याचा नाही. हँडब्रेकची आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा त्याच्या आत स्क्रूवर बसवलेली असते, म्हणून तो दाबत दाबत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत आत न्यावा लागतो. त्याचं टूल ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतं. एका गॅरेजातल्या पोराने माझ्या डाव्या कॅलिपरवर सी क्लॅम्प लावून जोर केला. पॅड बसले, पैसे दिले, पण त्या बाजूचा हँडब्रेक पुन्हा कधी धरलाच नाही. तेव्हापासून गॅरेज निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: "मागचा पिस्टन आत कसा घालता?" उत्तर "फिरवून" असेल तर गाडी ठेवतो. "दाबून" म्हणाले तर चहा पिऊन निघतो.

पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वर टाकीत चढतं. पॅड झिजलेले असताना कोणी टाकी भरून ठेवली असेल तर ती उतू जाते, आणि हे तेल रंग खातं. आधी थोडं उपसून घ्या.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, व्हर्नियर लावून पाहा. लेथवर घासून सपाट करून देतो असं कोणी म्हणालं तर मागच्या डिस्कसाठी मी नकोच म्हणतो; नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन्ही बाजूंची जोडी घ्या आणि घरीच बसवा.

केबल गेली असेल तर गॅरेज बरं. ती गाडीच्या पोटाखालून जाते. लिफ्टवर जे काम सहज होतं त्यासाठी पार्किंगमध्ये डोळ्यांत गंज पाडून घ्यावा लागतो.

कॅलिपर धरला असेल तर मात्र घरचा हट्ट सोडा. मी दांड्यावर गंज सोडवणारं तेल मारून, तासभर मागे-पुढे करून तो मोकळा केला होता. दिवाळीला केलेलं काम पुढच्या गणपतीपर्यंत टिकलं. सील किट पिस्टनची गळती थांबवतं, पण दांडा ज्या आसावर फिरतो त्याचा गंज त्याने जात नाही. तिथे अख्खा कॅलिपर बदलणं परवडतं. त्यासाठी ब्रेक ऑइलचा पाइप उघडावा लागतो, आत शिरलेली एअर काढावी लागते, आणि टाकी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. गॅरेजवाल्याला एवढंच बजावा की रबरी भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत, रबर फुगतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबद्दल थोडक्यात: काम नीट होतं, पण एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट मागवून येईपर्यंत गाडी त्यांच्याकडे पडून राहते. रोज ऑफिसला हीच गाडी नेत असाल तर हे जमायचं नाही.

काम कुठेही करा, चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळलेत ना ते स्वतः पाहा, आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. नव्या पॅडनंतर पहिलं पेडल थेट तळाला जातं, आणि आमच्या रॅम्पच्या टोकाला चेअरमनची गाडी उभी असते.