पाणी काढलं म्हणजे गाठ गेली नाही

मोठ्या माणसांच्या मानेतली किंवा काखेतली लिम्फॅटिक मालफॉर्मेशनची (लसिकावाहिन्यांच्या बिघाडातून झालेली, पाण्याने भरलेल्या पिशव्यांची) गाठ ऑपरेशनशिवाय आटोक्यात येऊ शकते, हे खरं आहे. या खऱ्याच्या आडूनच "बिना ऑपरेशन, गॅरंटीसह" असं सांगत सिटिंगच्या पॅकेजचे पैसे आगाऊ उकळले जातात.

पहिल्या सिटिंगला सिरिंजने पिवळसर पाणी ओढतात. गाठ लगेच बसते, तिथल्या तिथे फोटो निघतो, रुग्ण खूश होऊन उरलेले पैसे भरतो. पण पिशवीची भिंत तशीच असते, त्यामुळे ती पुन्हा भरते. विचारलं की उत्तर तयार: "शरीरातली घाण बाहेर पडतेय." वारंवार नुसती सुई घातल्याने आत रक्त साचतं किंवा पू होतो, ते वेगळंच. शिवाय ही गाठ सर्दी-तापात फुगते आणि नंतर आपोआप उतरते. फुगल्यावर आलेल्या माणसाला कसलाही लेप लावा, गुण आल्यासारखाच वाटणार. बिनलेबलच्या पुड्या दिल्या असतील तर स्टेरॉइडची शंका घ्या. चेहरा सुजला, साखर चढली तरी त्या मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

खरी स्क्लेरोथेरपी, म्हणजे पिशवीत औषध सोडून ती आकसवण्याचा उपचार, वेगळी दिसते. आधी सोनोग्राफी आणि एमआरआय. मग सोनोग्राफीत बघत सुई घालून पाणी काढतात आणि त्याच सुईतून औषध सोडतात: डॉक्सीसायक्लिन बहुधा मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम, किंवा ब्लिओमायसिन, तेही एका वेळी सहसा 15 युनिटच्या आत, कारण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की फुप्फुसांना धोका असतो. ओके-432 हे असंच आणखी एक औषध, ते पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही. औषधाने भिंत सुजते आणि मग आकसत चिकटते. म्हणून खऱ्या इंजेक्शननंतर पहिले काही दिवस गाठ उलट मोठी दिसते, आणि फरक मोजायचा तो सहा-आठ आठवड्यांनी. त्याच दिवशीचा फोटो दाखवणारा फक्त पाणी काढल्याचा पुरावा दाखवत असतो.

मोठ्या कप्प्यांच्या गाठींना हा उपचार चांगला लागू पडतो, बारीक कप्प्यांच्या गाठींना बराच कमी. तिथे काही वेळा सिरोलिमसच्या (गाठीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या) गोळ्या देतात, पण रक्तातली पातळी आणि कोलेस्टेरॉल तपासत. बारीक कप्प्यांना "शंभर टक्के"ची हमी देणारा सरळ खोटं बोलतोय.

सगळ्यात महागात पडतो तो वेळ. चाळिशीनंतर मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ घशाच्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची असू शकते. घसा दुर्बिणीने बघितल्याशिवाय आणि सुईची तपासणी केल्याशिवाय तिला साधी म्हणू नये.

सिटिंग आधीच झाल्या असतील तर कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला गेलं हे लेखी मागा. मिळालं नाही तर रिकाम्या बाटलीचा फोटो तरी ठेवा, नाहीतर पुढच्या डॉक्टरला ब्लिओमायसिनचा हिशेब लागत नाही.