सोलर बसवताय? आधी फेज बघा, मग पैसे द्या

आमचं संगमनेरचं घर सिंगल फेजवर. पोलवरून दोनच तारा येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. वापर महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास. 1 किलोवॅट सोलर दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे 3 किलोवॅट आम्हाला भरपूर होतं. सोलरवाल्याने मात्र 5 किलोवॅटच गळ्यात मारलं. "दादा, जेवढे किलोवॅट जास्त तेवढी सबसिडी जास्त!" धादांत खोटं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 मिळतात. 78,000 झाले की पुढे कितीही बसवा, एक रुपया वाढत नाही.

पाचचा आग्रह कशासाठी, ते सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा) भिंतीवर चढल्यावर कळलं. त्याच्याकडे 5 किलोवॅटचा थ्री फेजचा, म्हणजे तीन वेगळे फेज लागणारा इन्व्हर्टर पडून होता, तो खपवायचा होता. त्याच्या माणसाने आमचा एकच फेज तिन्ही टर्मिनलला लूप करून, म्हणजे वायरीने एकत्र जोडून दिला. लाल दिवा लागला तो लागलाच. ओळखीच्या वायरमनने कव्हर उघडून टेस्टर लावला आणि तो संतापलाच. तिन्ही टोकांना एकच फेज असला की त्यांच्यात आपापसात व्होल्टेजच येत नाही, मग इन्व्हर्टर सुरू होणार कसा?

आता सोलरवाला म्हणतो, मीटर थ्री फेज करून घ्या, महावितरणला भरायला 25,000 रोख द्या. हे तर सगळ्यात वाईट. कार्यालयात चौकशी केली तर आमच्या नावाने अर्जच नव्हता. भार वाढवायचा असो की फेज बदलायचा, महावितरणचं फर्म कोटेशन, म्हणजे किती पैसे भरायचे त्याचा कागद, ग्राहकाच्या नावाने निघतं आणि पैसे भरल्याची पावती मिळते. कुणाच्या हातात रोख देऊ नका.

तुमच्या वीजबिलावर दर संकेतापुढे फेज छापलेला असतो, मंजूर भारही असतो. ते बिल सोलरवाल्यापुढे ठेवा आणि त्याच्या कोटेशनवर इन्व्हर्टरचं मॉडेल व फेज लिहून घ्या. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले आहेत हेही लिहून घ्या, नाहीतर सबसिडी मिळत नाही. आणि "लाइट गेली तरी सोलर चालेल" असं कुणी सांगितलं तर बॅटरी कुठे आहे ते विचारा. साधी ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम लाइट गेली की बंदच पडते, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, वकिलाची नोटीसही गेली आहे. तुमच्याकडे असाच इन्व्हर्टर लावून गेले असतील तर टर्मिनलचे फोटो काढून ठेवा. दुरुस्तीच्या नावाखाली ते लूप आधी काढून नेतात.