ठरवून करायचं ऑपरेशन: सीपीआर, योजनेतला खाजगी दवाखाना की मेडिक्लेम?

हर्निया, पित्ताशयातले खडे, अशी डॉक्टर "दोन-तीन महिन्यांत करून घ्या" म्हणतात ती ऑपरेशनं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी घरांत उसाचं बिल जमा व्हायची वाट बघत थांबतात. ते आठवडे नुसते घालवू नका. दवाखाना निवडायला मोकळीक असते ती एवढ्याच दिवसांत. पेशंट कॉटवर झोपल्यावर दर कोण विचारत बसणार?

सगळे पहिल्यांदा विचारतात, "खर्च किती येईल?" माझं म्हणणं, आधी हे बघा की दवाखान्याला पैसे कोण देणार आणि कशाच्या हिशोबाने देणार. सल्ला देणारा आणि बिल करणारा एकच असतो, आणि आपल्याला त्यातलं काही कळत नसतं. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी पैसे ज्या वाटेने येतात त्या वाटेचा ओढा असतोच.

सीपीआर, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, आपल्या थोरल्या दवाखान्यात, डॉक्टरांना पगार आहे. एक तपासणी जादा लिहून त्यांच्या पगारात काही फरक पडत नाही. म्हणून "ऑपरेशन खरंच लागणार का?" हा प्रश्न विचारायला मी आधी तिथे जाईन, ऑपरेशन पुढे कुठेही करायचं असलं तरी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असल्याने अनेक शाखांचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. इथे मोजावा लागतो तो वेळ: केसपेपरची रांग, तपासणीची तारीख, मग ऑपरेशनची तारीख. चंदगडहून शंभरावर किलोमीटर येणाऱ्या पेशंटबरोबर एक माणूस लागतो आणि त्याचा रोजगार बुडतो. फुकट म्हणताना हा खर्च धरायचा राहून जातो.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतल्या खाजगी दवाखान्याचं गणित वेगळं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली. आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्याला त्या उपचाराची ठरलेली एकच रक्कम मिळते. त्यात बेड, तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी परतायचं भाडंसुद्धा आलं. रक्कम ठरलेली म्हटल्यावर ओढा उलटा होतो: लवकर डिस्चार्ज, किंवा "जरा चांगल्या प्रतीचं बसवू, वरचे पैसे भरा." पॅकेजमधल्या गोष्टीला वर पैसे द्यायचे नसतात. कोणी मागितले तर आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे जा किंवा १५५३८८ला फोन लावा. दवाखाना योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. हृदयविकारासाठी असेल, हाडांसाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. आणि योजना दाखल होतानाच सांगायची असते, बिल हातात आल्यावर नव्हे.

मेडिक्लेममध्ये, म्हणजे हप्ता भरून घेतलेल्या आरोग्यविम्यात, बाबीगणिक बिल होतं, त्यामुळे बाबी वाढायला वाव जास्त. पण माणसं फसतात ती खोलीत. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ५,०००ची खोली घेतली. कंपनी नुसते वरचे २,००० कापत नाही. अशी अट असलेल्या पॉलिसीत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापलं जातं. हा भाग १ लाखाचा असेल तर हातात ६०,००० आणि ४०,००० खिशातून, पॉलिसीत पैसे शिल्लक असताना! औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. शिवाय आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. ऑपरेशन सांगितल्यावर पॉलिसी काढून उपयोग नाही.

रोखीने करणाऱ्यांसाठी एवढंच: २०२१च्या राज्य नियमांनुसार खाजगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. ते वाचा, लेखी अंदाज घ्या. ट्रस्टचं मोठं रुग्णालय असेल तर गरीब आणि दुर्बल घटकांसाठी १०-१० टक्के खाटा राखीव असतात. पहिल्यांना उपचार मोफत, दुसऱ्यांना सवलतीत. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

मला निवडायला सांगितलं तर रेशनकार्ड असलेल्या, शेतीवर चालणाऱ्या घराला मी सांगेन: निदान आणि सल्ला सीपीआरमध्ये, तिथली तारीख जवळची असेल तर ऑपरेशनही तिथेच. तारीख लांबली किंवा येणं-जाणं झेपत नसेल तर योजनेतला खाजगी दवाखाना. नोकरदाराची पॉलिसी जुनी आणि तिच्यातली खोलीभाड्याची मर्यादा पुरेशी असेल तर खुशाल मेडिक्लेम, पण खोली मर्यादेतलीच. पतसंस्थेत सोनं ठेवून रोख भरायची वेळ आली असेल, तर त्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलापाशी एकदा जाऊन या. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि सोनं ठेवायची गरजच आहे का ते तिथेच कळेल.