‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ला समीक्षकांनी काठावर का ठेवले?

२०१२ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान अमेरिकेतील चित्रपटगृहांत भुताखेतांचे तीन ॲनिमेशनपट एकापाठोपाठ एक लागले: लायका स्टुडिओचा ‘पॅरानॉर्मन’, सोनीचा ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ आणि टिम बर्टनचा कृष्णधवल ‘फ्रँकनवीनी’. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटाचे समीक्षकांनी मनापासून कौतुक केले आणि दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले. मधल्या चित्रपटाला मात्र गोल्डन ग्लोबच्या नामांकनावर समाधान मानावे लागले. तिकीटबारीवरचे चित्र नेमके उलटे होते. कौतुक झालेल्या दोन्ही चित्रपटांची जगभरातील कमाई एकत्र केली तरी ती वीस कोटी डॉलरच्या आत राहते, तर साडेआठ कोटी डॉलर खर्चून बनवलेल्या ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ने एकट्याने सुमारे ३५ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. पहिल्या तीन दिवसांतच त्याने सव्वाचार कोटींचा गल्ला जमवून सप्टेंबर महिन्यातील तोवरचा विक्रम मोडला.

प्रेक्षकांना सवंग आवडते आणि समीक्षकांना गंभीर, हा नेहमीचा निष्कर्ष इथे पुरेसा पडत नाही. समीक्षकांची मते गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर या चित्रपटाची टक्केवारी ४५ च्या आसपास आहे. ती शंभरपैकी गुणांची सरासरी नसून, किती समीक्षकांचे मत एकंदरीत अनुकूल होते याचे प्रमाण आहे. ‘मेटाक्रिटिक’वर, जिथे प्रत्यक्ष गुणांची सरासरी काढली जाते, तिथेही आकडा ४७ आहे. याचा अर्थ चित्रपट सरसकट झोडपून काढला गेला नव्हता. बहुतेकांनी ‘ठीक आहे’ म्हणून हात झटकले होते. उलट, पहिल्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून मत घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’ या संस्थेने त्याला ‘ए उणे’ श्रेणी दिली. ही मते मुलांना घेऊन, पदरचे पैसे खर्चून आलेल्यांची असतात आणि अशा प्रेक्षकाला आपली संध्याकाळ वाया गेली असे म्हणायला सहसा आवडत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

कथा थोडक्यात अशी आहे. पत्नीला माणसांच्या जमावाने मारल्यानंतर ड्रॅक्युला आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन जंगलात दडतो आणि १८९५ मध्ये तिथे राक्षसांसाठी एक हॉटेल उभारतो, जिथे माणसाला प्रवेश नाही. मुलगी मेव्हिस ११८ वर्षांची होते, म्हणजे नुकती वयात येते, आणि तिच्या वाढदिवसालाच जॉनथन नावाचा पाठीवर बोचके टाकून भटकणारा एक तरुण तिथे येऊन टपकतो. पाहुण्यांमध्ये घबराट नको म्हणून ड्रॅक्युला त्याला फ्रँकनस्टाइनचा नातलग ठरवतो. पुढे काय होणार हे आठ वर्षांच्या मुलालाही मध्यंतरापूर्वीच सांगता येते, आणि समीक्षकांची पहिली तक्रार हीच होती. दुसरी तक्रार अशी की, लांडगामानव, ममी, अदृश्य माणूस अशी मातब्बर मंडळी गोळा करून प्रत्येकाच्या वाट्याला एकच विनोद आला आहे आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवला आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यात मी तिसरी भर घालीन: मेव्हिसला बाहेरचे जग पाहण्याच्या इच्छेपलीकडे स्वतःचे असे काही दिलेले नाही, आणि शेवटी सगळ्यांना गायला लावणारे गाणे हे लेखकांना शेवट सुचला नाही याची कबुलीच आहे.

तरीही मला हा चित्रपट आवडतो, आणि त्याचे कारण समीक्षकांनी बहुधा एका वाक्यात उरकलेल्या गोष्टीत आहे. दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्स्की यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आपल्याकडे कार्टून नेटवर्क पाहत मोठ्या झालेल्या पिढीला त्यांचे नाव नसले तरी काम पाठ आहे. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ आणि ‘सामुराय जॅक’ त्यांचेच. हातांनी काढलेल्या चित्रांत वाढलेल्या या माणसाने संगणकावरील पात्रांकडूनही तीच वागणूक मागितली. संगणकीय ॲनिमेशनमध्ये पात्राच्या आत एक सांगाडा बसवलेला असतो आणि शरीर किती वाकेल, जबडा किती उघडेल याला त्यामुळे मर्यादा पडतात. टार्टाकोव्स्की यांनी ॲनिमेटरांच्या चौकटींवर स्वतः रेषा ओढून त्या मर्यादा मोडायला लावल्या. एका आविर्भावातून दुसऱ्यात पात्र हळूहळू सरकत नाही, ते झेपावते. चेहरा ताणला जातो, चेपतो आणि पुढच्या क्षणी जागेवर येतो. चाळीसच्या दशकातील अमेरिकी कार्टून-दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या लघुपटांशी असलेले हे नाते कोणालाही ओळखता येईल.

डोळ्यातील लेन्सचा प्रसंग पाहा. जॉनथनची स्मृती पुसून त्याला हाकलून द्यावे म्हणून ड्रॅक्युला त्याच्यावर संमोहनाचा प्रयोग करतो, पण लेन्समुळे तो चालत नाही. लेन्स म्हणजे काय हे कळल्यावर, आणि ती काढण्यासाठी डोळ्याच्या बुबुळाला बोट लावावे लागते हे पाहिल्यावर, शतकानुशतके माणसांच्या मानेला दात लावणाऱ्या कुळातला हा सरदार किळसेने आक्रसून जातो. संवाद फारसा नाहीच. विनोद सगळा त्या लांबट बोटांच्या थरथरीत, उंच कॉलरमध्ये मागे दडणाऱ्या मानेत आणि वर्तुळासारख्या झालेल्या तोंडात आहे. हा ड्रॅक्युला चालताना त्याचे पाय क्वचितच दिसतात. काळा झगा एखाद्या शाईच्या फटकाऱ्यासारखा पडद्यावरून फिरतो आणि रागात, लाजेत, बापाच्या काळजीत त्याचा आकार बदलत जातो. एवढे बारीक काम असलेले पात्र त्या वर्षीच्या ॲनिमेशनपटांत मला दुसरे आठवत नाही, आणि त्यात ‘फ्रँकनवीनी’तला बर्टनचा कुत्राही आला.

मग समीक्षकांना हे दिसले नाही का? अनेकांना दिसले, त्यांनी तसे लिहिलेही. पण गुण देताना त्यांनी मोजली ती पटकथा. शिवाय ड्रॅक्युलाला आवाज देणारे ॲडम सँडलर हे नावच त्या काळात अनेकांना नकोसे झाले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या ‘जॅक अँड जिल’ने ‘रॅझी’ या उपहासात्मक पुरस्कारांचे दहाही विभाग जिंकले होते. अशा नटाने आवाज दिलेला, त्याच्या नेहमीच्या मित्रमंडळींनी भरलेला चित्रपट कोऱ्या पाटीने पाहणे अवघडच. प्रत्यक्षात सँडलर यांचे ड्रॅक्युलाचे काम नेटके आहे. आपली नक्कल करणाऱ्यांवर चिडून ‘मी ब्ला ब्ला ब्ला असे म्हणत नाही’ असे तो बजावतो, तेव्हा त्या चिडीत थकलेल्या, मान सांभाळू पाहणाऱ्या मध्यमवयीन बापाचा सूर नेमका लागतो.

समीक्षकांचा एक आक्षेप मात्र मला मान्य नाही. राक्षसांची भीतीच काढून घेतली तर उरते काय, असा तो सूर होता. इथे भीती काढून घेतलेली नाही, तिचे धनी बदलले आहेत. मुलीच्या मनात माणसांविषयी धसका बसावा म्हणून ड्रॅक्युला एक खोटे गाव उभारतो आणि झोम्बींना गावकऱ्यांची सोंगे देऊन, मशाली हाती देऊन तिच्यापुढे नाचवतो. या प्रसंगात हसू येते ते झोम्बींच्या वेंधळेपणाचे, पण आपल्याच नोकरांना माणसे बनवून मुलीला फसवणारा बाप सुखावह वाटत नाही, आणि चित्रपटही त्याला सहज सोडत नाही.

पुढे काय झाले ते या बाबतीत बोलके आहे. २०१५ चा दुसरा भाग नातवाच्या सुळ्यांभोवती फिरतो; त्याने ४७ कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले, पण तो मला सर्वांत लांबलेला वाटतो. २०१८ च्या तिसऱ्या भागाची पटकथा टार्टाकोव्स्की यांनी स्वतः मायकेल मॅक्युलर्स यांच्यासह लिहिली. तिथे राक्षसांची जहाजावरची सहल आहे, कथानक आणखी पातळ आहे, आणि तरी ‘रॉटन टोमॅटोज’वरची अनुकूलता निम्म्याच्या बरीच वर गेली. गोष्ट हालचालींसाठीच रचलेली असल्यामुळे ती मध्ये येत नाही. सापळ्यांनी भरलेल्या दालनातून ड्रॅक्युला आणि त्याला भुरळ घालणारी जहाजाची कप्तान एरिका नाचत जातात तो भाग संवाद बंद करून पाहिला तरी काही गमावत नाही. २०२२ चा चौथा भाग चित्रपटगृहांऐवजी थेट प्राइम व्हिडिओवर आला. त्याचे दिग्दर्शन इतरांनी केले, ड्रॅक्युलाचा आवाज ब्रायन हल यांनी दिला, आणि पहिल्या भागावर घेतले गेलेले आक्षेप खऱ्या अर्थाने लागू पडतात ते याला.

पहिला भाग दीड तासाचा आहे. सहा-सात वर्षांपुढील मुलांना दाखवायला हरकत नाही. ओंगळ विनोद थोडे आहेत, आणि आईच्या मृत्यूचा उल्लेख लहानग्यांना प्रश्न विचारायला लावील इतपत स्पष्ट आहे. मोठ्यांनी गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नये आणि नजर झग्यावर ठेवावी. एकच भाग पाहायला वेळ असेल, तर मी तिसरा सुचवीन.