बारशाला 51वं स्तोत्र? ‘जन्माचाच पापी’ तीन प्रकारे वाचताना

अमळनेरजवळच्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या मुलाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. ओसरीत सतरंज्या, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आत शेवभाजीचा घाट. चर्चच्या पाळकांनी बायबलमधलं 51वं स्तोत्र उघडलं आणि पाचव्या वचनाशी आले: मी जन्माचाच पापी आहे, आईच्या पोटात होतो तेव्हापासूनचा पातकी. मावसभावाची सासू ख्रिस्ती नाही. नातू तिच्याच मांडीवर होता, गालावर तिनंच लावलेली काजळाची तीट. ती सरळ म्हणाली, “अजून याले दात बी उनात नही, आनि हाई पापी कसं शे?”

सगळे हसले, पाळकही हसले. वहिनी मात्र हसली नाही. रात्री मावसभाऊ अंगणात खाट टाकून बसला आणि म्हणाला, “दादा, सासूबाईंना उत्तर काय द्यायचं ते राहू दे. मलाच सांग. आणि बाप्तिस्मा आत्ता द्यायचा, का मोठा झाल्यावर?” त्याच्या वडिलांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. तो नोकरीला नवापूरला आहे, आणि तिथं तो ज्या उपासनेला जातो त्या मंडळीत बाळाचं फक्त अर्पण करतात. बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतः कबुली दिल्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत एकाच कुटुंबात हे दोन्ही रिवाज असतात आणि लग्नाकार्यात समोरासमोर येतात. वाद बाप्तिस्म्याचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी हेच वचन आहे. बाळ जन्मतः नेमकं काय घेऊन येतं, याचं उत्तर ठरलं की बाकीचं बरंचसं ठरतं.

त्याला मी जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर मांडतो. चर्चनं या वचनांकडे मुख्यतः तीन प्रकारे पाहिलंय. ते समजायला रावेर-यावलकडच्या केळीचा दाखला मला बरा वाटतो. तिकडे हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), ज्यानं पाहिलाय त्याला फार सांगावं लागत नाही. पानावर पिवळट रेघा येतात, मग पोंगा सडतो, आणि शेतकरी उभं झाड उपटून गाडतो. बांधावर मग एकच चर्चा: रोग बेण्यातूनच आला, का शेजारच्या काकडी-भोपळ्यावरून मावा उडून आला?

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याचं म्हणणं: रोग बेण्यातच आहे. आणि तो एवढ्यावर थांबला नाही. आदामाच्या पापात आपण सगळे सामील होतो, म्हणून रोगाबरोबर दोषही आपल्या नावावर लागतो, असं तो म्हणाला. त्याचा मोठा आधार प्रेषित पौलानं लिहिलेलं रोमकरांस पत्र, 5:12. पण त्याच्यासमोर होतं लॅटिन भाषांतर, आणि त्यात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असा शब्दप्रयोग होता. मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा घेतात, आणि आपल्या मराठी शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, तसाच आहे. एका अव्ययाचा फरक. पण खरेदीखतात ‘सह’ आहे की ‘तर्फे’, यावरून भाऊबंदकीत पिढ्या कोर्टात जातात हे आपल्याला माहीत आहे. अर्थात ऑगस्टीनची सगळी इमारत त्या एका शब्दावर होती असं नाही. बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देण्याची चाल त्याच्याआधीची होती, आणि तो उलट प्रश्न विचारायचा: त्यांच्यात काहीच नसेल, तर मग क्षमा कशाची? त्याचा कठोर निष्कर्ष असा की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळही शिक्षेतून सुटत नाही, फार तर त्याची शिक्षा सगळ्यांत सौम्य असते. हे मला कधीच गिळता आलेलं नाही.

दुसरी बाजू पेलागियसची. तो ब्रिटनमधून आलेला साधू, रोममध्ये शिकवायचा. देवा, तू आज्ञा करतोस ते पाळायचं बळही तूच दे, अशा अर्थाची ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो भडकला होता. त्याला वाटलं, असं म्हटलं की माणसाला आळशीपणाची पळवाटच मिळते. त्याच्या मते कंद निरोगी आहे, रोग बाहेरून येतो: वाईट उदाहरण, वाईट संगत, वाईट सवय. ऐकायला छान, आणि सासूबाईंच्या बाजूचंही. ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ म्हणत वाढलेल्या कुणालाही हे पटकन पटतं. पण कार्थेजच्या सभेनं 418 साली हे मत नाकारलं आणि 431 च्या इफिसच्या सभेनंही त्याच्या अनुयायांवर ठपका ठेवला. नाकारण्यात चर्चचं राजकारण होतंच. पण अनुभवही होता. दोन वर्षांच्या पोराला खोटं बोलायला कोण शिकवतं? दोन भावंडांना एकाच खेळण्यासाठी भांडायला कोणत्या संगतीनं लावलं? पेलागियसचं वाचन बाळाला मोकळं करतं आणि मोठ्या माणसाची मान पकडतं: तुला जमत होतं, तू केलं नाहीस. व्यसनातून सुटायला धडपडणाऱ्या माणसाला हे ऐकवून बघा. पुढच्या रविवारी तो मंडळीत येणार नाही.

तिसरं वाचन पूर्वेकडच्या चर्चचं, म्हणजे ग्रीक आणि सिरीयक परंपरेचं. तिथं आदामापासून आपल्याकडे मरण आलं, दुबळेपणा आला, वाकडेपणाकडे ओढ आली. आदामाचा गुन्हा आला नाही. बेणं रोगट आहे, पण रोपावर पंचनामा कुणी करत नाही. बाळाला बाप्तिस्मा तेही देतात, फक्त कलंक धुण्यासाठी म्हणून नव्हे, तर नव्या जिवाला ख्रिस्तात रुजवण्यासाठी. पश्चिमेतही पुढे हा सूर उमटत राहिला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (1703–1791) मूळ पाप, म्हणजे आदामापासून आलेलं पाप, मानायचा, पण देवाची कृपा माणसाच्या आधी त्याच्यापर्यंत पोचलेली असते आणि निव्वळ आदामाच्या दोषासाठी कुणी नरकात जात नाही, असं म्हणायचा. रोमन कॅथलिक चर्चची 1992 ची धर्मशिक्षा वाचली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. मूळ पाप हे आदामाच्या कुठल्याही वंशजाचा वैयक्तिक दोष नाही, ते ‘केलेलं’ नसून ‘जडलेलं’ आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. 2007 साली त्याच चर्चच्या धर्मशास्त्रीय आयोगानं बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारण आहे असं म्हटलं. म्हणजे ज्या घरातून ऑगस्टीन निघाला, तेच घर दीड हजार वर्षांत बरंच तिसऱ्या बाजूला सरकलंय. नेदरलँड्समधल्या रिफॉर्म्ड चर्चच्या दॉर्तच्या सभेच्या (1618–19) ‘संपूर्ण भ्रष्टते’लाही लोक उगाच घाबरतात. माणूस जितका वाईट असू शकतो तितका आहे, असा तिचा अर्थ नाही. त्याचा एकही कोपरा निखळ राहिला नाही, एवढंच ती म्हणते.

दाखला इथंच संपतो, कारण केळीचं झाड रात्री उठून शेजाऱ्याचं पाणी तोडत नाही. माणूस तोडतो आणि सकाळी देवळात किंवा चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसतो. नुसतं ‘रोग आहे हो’ म्हटलं की ही चोरी सुटून जाते.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी या वादावरच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. ‘जन्मानंच पापी’ हे शब्द आपल्या मातीत कोऱ्या कानांवर पडत नाहीत. इथं काही जातींना शतकानुशतकं जन्मानं अपवित्र म्हटलं गेलं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या कायद्यानं तो आणखी पसरला, आणि पारध्यांसारख्या जमातींची पोरं जन्मतःच पोलिसांच्या नजरेत गुन्हेगार ठरली. हा शिक्का कायद्यातून निघाला 1952 साली. सावकाराच्या वहीत बापाचं कर्ज पोराच्या नावावर चढलेलं नंदुरबार-धुळ्याकडच्या अनेक भिल्ल घरांनी भोगलंय. अशा घरातल्या माणसाला तुम्ही उठून ‘तू जन्माचाच पापी’ म्हणालात, तर त्याला पौल ऐकू येणार नाही, त्याला हवालदार ऐकू येईल.

आणि पौल तर नेमकं उलटं सांगतोय. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो ‘नीतिमान कोणी नाही, एकसुद्धा नाही’ म्हणतो ते कुणाला? ‘आपण शुद्ध, ते अशुद्ध’ असं मानणाऱ्यांना. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) दोघांनाही तो एकाच ओळीत उभं करतो. त्या ओळी त्याच्या स्वतःच्या नाहीत. स्तोत्रांतून आणि यशयातून त्यानं त्या वेचून आणल्यात. त्यांतल्या बऱ्याच ओळी मुळात ‘शत्रू असे दुष्ट आहेत’ म्हणणाऱ्या, आणि पौलानं त्यांचं बोट वळवून म्हणणाऱ्याकडेच केलं. त्या वचनाचा जोर ‘सर्व’ या शब्दावर आहे. ‘सर्व’ काढून ‘तू’ घातला की वचन तेच राहतं आणि अर्थ पोलीस ठाण्याचा होतो. म्हणून ऑगस्टीनचं वाचन मी सरसकट टाकून देत नाही. सगळ्यांना एका पंगतीत बसवायची ताकद त्याच्यात सगळ्यांत जास्त आहे, आणि पेलागियसच्या पंगतीत चांगल्या वागणुकीचे पाट हळूच उंच होत जातात.

पोराच्या नावावर बापाचं कर्ज चढवायला शास्त्रही तयार नाही, हेही सांगायला हवं. यहेज्केल 18:20 म्हणतं, जो पाप करील तोच मरेल, पुत्र बापाचा दोष वाहणार नाही. योहान 9 मध्ये जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? ‘मागल्या जन्माचं भोगतोय’ हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला हा प्रश्न घरचाच वाटतो. येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. माणूस निष्पाप आहे असं तो तिथं म्हणत नाही. दुःख बघून पापाचा हिशोब मांडायची सवय तो मोडतो. बाळ गेलेल्या घरी भेटीला जाताना यातलं काही सोबत न्यायचं असेल तर हे न्या. 51वं स्तोत्र घरी ठेवा.

मग ते वाचायचं कुठं? इथं मला या वचनांची एक खोड दिसते, आणि ती एकदा दिसली की सुटत नाही: ही वचनं मध्येच तोडली की भयानक होतात. 51वं स्तोत्र हे मथळ्याप्रमाणे दाविदाचं, बथशेबेचं प्रकरण झाल्यावर नाथान संदेष्टा आला तेव्हाचं. बाई पळवून तिच्या नवऱ्याला मारवणारा राजा बोलतोय, आणि प्रथमपुरुषी बोलतोय: मी. कुणाच्या बाळाबद्दल तो विधान करत नाही. सुरुवातीच्या दोन वचनांत पापासाठी तीन वेगळे हिब्रू शब्द येतात: एक बंडखोरीचा, एक वाकडेपणाचा, एक नेम चुकण्याचा. असं बोलणारा माणूस निमित्त शोधत नसतो, तळ शोधत असतो. दहाव्या वचनाला तो मागतो, माझ्यात शुद्ध हृदय उत्पन्न कर. पाचवं वचन म्हणजे त्या मागणीची अर्धी वाट.

यिर्मया 17:9 चंही तेच. हृदय सगळ्यात कपटी, बरं न होणाऱ्या दुखण्यानं ग्रासलेलं, इथं बरेच उपदेशक पुस्तक मिटतात. पाच वचनं पुढे तोच संदेष्टा म्हणतो, मला बरं कर म्हणजे मी बरा होईन. यशया 64:6 मध्ये आमची सत्कृत्यं मळक्या वस्त्रासारखी; दोनच वचनांनी, आम्ही माती आणि तू कुंभार. रोमकरांस 3:23 चं ‘सर्वांनी पाप केलं’ तर पूर्ण वाक्यही नाही. 24 मध्ये ‘कृपेनं, फुकट’ म्हटल्यावर ते पुरं होतं. सगळ्यांत गंमत उत्पत्तीत आहे. 6:5 मध्ये माणसाच्या मनातलं सगळं वाईटच, म्हणून जलप्रलय. 8:21 मध्ये माणसाच्या मनातलं बालपणापासून वाईटच, म्हणून आता पुन्हा शाप नाही. कारण एकच, आणि निर्णय उलटा.

म्हणून निवड करताना मी बघतो की कोणतं वाचन मला वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊ देतं. माझा कल तिसऱ्याकडे आहे: रोग वारशानं, दोष आपापल्या करणीनं. मुलांच्या रविवारच्या वर्गात आणि दुःखाच्या घरात मी दुसरं काही बोलत नाही. स्वतःच्या चांगुलपणावर खूश असलेल्या मंडळीसमोर, म्हणजे बहुतेकदा माझ्यासमोरच, ऑगस्टीन काढतो. पेलागियसची आठवण ठेवतो ती ‘काय करणार, स्वभावच पापी’ म्हणून दारू न सोडणाऱ्या एका नातेवाइकासाठी. तेवढ्यापुरता तो बरोबर होता.

बाप्तिस्म्याचं म्हणाल तर हे वाचन धरलं की घाबरून घाई करायचं कारण उरत नाही. आता दिला तरी चालतो, कृपा आधी येते याची ती खूण. अर्पण करून थांबलात तरी बाळ देवाच्या हाताबाहेर जात नाही. आजोबांचा मान राखायचा की नवापूरच्या मंडळीचा, हा उरलेला प्रश्न धर्मशास्त्राचा नाही आणि त्यात मी पडलो नाही.

मावसभावानं आत्ता अर्पण करायचं ठरवलं. कार्यक्रमाला कोणतं वचन घ्यावं असं त्यानं विचारलं, तेव्हा मी मार्क 10:14 सुचवलं, बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, ते. 51वं स्तोत्रही ठेवा म्हटलं, पण बाळाला पुढे आणण्याआधी, आणि मोठ्यांनी उभं राहून, पहिल्या वचनापासून. सासूबाई तेव्हाही पहिल्या सतरंजीवर असतील. त्यांनाही उभं राहावंसं वाटलं तर राहू द्या, नाही वाटलं तर बाळ त्यांच्याच मांडीवर असू द्या.