देवळालीच्या बंगल्यातील बोलर हॅट आणि माझे 21,350 रुपये
गेली नऊ वर्षे मी जुन्या बोलर हॅट (चार्ली चॅप्लिन घालायचा तशा गोल, कडक टोप्या) जमवतो आणि नाशिकच्या डिसेंबरातील थंडीत त्या घालून गंगापूर रोडला फिरायलाही जातो, त्यामुळे ‘चार्ली आला’ हे ऐकण्याची मला सवय आहे. गेल्या महिन्यात पोलीस ठाण्यात जे ऐकावे लागले त्याची मात्र नव्हती.

समाजमाध्यमावर ओळख झालेल्या एका विक्रेत्याने मला 1912 सालची, लंडनची काळी बोलर हॅट दाखवली आणि ती देवळाली कॅम्पातील एका बंगल्यात गोऱ्या अधिकाऱ्याच्या ट्रंकेत सापडल्याचे सांगितले. देवळालीच्या ब्रिटिश छावणीची गोष्ट नाशिककराच्या गळी सहज उतरते, हे त्याला पक्के ठाऊक होते. किंमत ठरली 18,500 रुपये: 6,500 आगाऊ, 12,000 हॅट पाठवण्यापूर्वी, शिवाय पेटी आणि विम्याचे म्हणून 850. सारे यूपीआयने. देवळाली माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, पण ‘हॅट आता पुण्याला आहे’ एवढ्या उत्तरावर मी तो बंगला पाहण्याचा विचार सोडून दिला. वस्तू पाहता येत नसेल तर निदान ती जिथे सापडली ती जागा पाहून या.

आता सर्वांत लाजिरवाणा भाग. अस्तराच्या छायाचित्रात सोनेरी शिक्का स्वच्छ वाचता येत होता: ‘लंडन, एस. डब्ल्यू. 1’. लंडनच्या टपाल विभागांच्या अक्षरांपुढे हे आकडे 1917 मध्ये आले, म्हणजे 1912 च्या शिक्क्यात तो 1 असूच शकत नाही. ही खूण मीच दोन नवख्या मित्रांना शिकवली आहे. तरीही रात्री साडेअकराला मी स्वतःची समजूत घातली की अस्तर मागाहून बदलले असेल (अस्तरे बदलतात, हे काही खोटे नाही) आणि 12,000 रुपये पाठवून मोकळा झालो. माझे डोके 58 सेंटिमीटरचे आहे, जुन्या हॅट बहुधा लहान निघतात आणि ही नेमकी माझ्या मापाची होती. ते माप त्याने मला सांगितले नव्हते, मीच त्याला सांगितले होते. माप विचारावे, आपले सांगू नये, आणि मोजपट्टी लावलेले छायाचित्र मागावे.

बोलर हॅट 1849 मध्ये लंडनला जन्मली ती झाडांच्या फांद्यांपासून शिकारीची राने राखणाऱ्या रखवालदारांचे डोके वाचवण्यासाठी. ती बनवून घेणाऱ्या कोक नावाच्या गृहस्थाने तिच्यावर दोनदा पाय देऊन परीक्षा घेतली, असे सांगतात. लाखेचे शेलॅक देऊन कडक केलेल्या नमद्यावर, म्हणजे फेल्टवर, टिचकी मारली की टणक आवाज येतो. माझ्याकडे आलेल्या हॅटला अंगठ्याने दाबताच पोचा पडला, आतील पट्टा चामड्याऐवजी रेक्झिनचा निघाला आणि ओल्या कापसाला काळे बुटपॉलिश लागले. त्यानंतरही ‘परत नेण्याचा खर्च’ म्हणून मागितलेले 2,000 रुपये मी दिले. माणूस अशा वेळी गेलेल्या पैशांच्या मागे धावतो, एवढेच माझे म्हणणे. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे.

बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवलेत. ठाण्यात सांगितले की वस्तू मिळाली, मग फसवणूक कुठली. दुसऱ्या कार्यालयात जा. दुसऱ्या कार्यालयाने पुन्हा ठाण्यात पाठवले. चौथ्या खेपेस पुराव्याच्या तीन झेरॉक्स प्रती मागितल्या, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत बुटपॉलिशचा डाग दिसत नाही म्हणून तो पुरावा बादही ठरवला. ‘बोलर म्हणजे क्रिकेटचा का?’ या प्रश्नाचे उत्तर मी तीन टेबलांवर दिले. शेवटी एक हवालदार म्हणाले, ‘काका, म्हणजे तुम्हाला टोपीच घातली की!’ सारी खोली हसली. अर्जाची पोचही मला दोन तास बसून मागून घ्यावी लागली. पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपोटी अकरा दिवस गप्प बसलो.

परवा तेच छायाचित्र, तोच एस. डब्ल्यू. 1 चा शिक्का, पुन्हा विक्रीला आलेला दिसला. आता ती हॅट 1908 सालची आहे, मनमाडच्या एका रेल्वे अधिकाऱ्याची आहे आणि किंमत 21,000 रुपये आहे. माप मात्र लिहिलेले नाही.